कराचीच्या जाळीपाशी

युनूस मुलाणीला वाईट बातमी सांगता यायची नाही. भोसरीला आम्ही एकाच वर्कशॉपात होतो, तो ट्रकची इंजिनं उघडायचा, मी लेथवर. एखाद्या ड्रायव्हरचं इंजिन पार कामातून गेलेलं असायचं आणि हा पठ्ठ्या त्याला सांगायचा, "जरा थकलंय." ड्रायव्हर खुशीत चहा मागवायचा आणि खरं काय ते सांगायला मला पुढं व्हावं लागायचं. माणूस सोन्यासारखा, पण अशा वेळी मूग गिळून बसायचा. मला त्याचा भारी संताप यायचा.

आणि नेमकी त्याच्यावरच त्याच्या आईनं एक वाईट बातमी पोचवायची कामगिरी टाकली.

मी लातूरकडचा. चिखलीत शमीमचाचींच्या, म्हणजे युनूसच्या आईच्या घरी भाड्यानं राहायचो, म्हणून मला सगळं ठाऊक. चाचींची थोरली बहीण ताजुन्निसा लग्नानंतर काही वर्षांनी कराचीला गेलेली. एकाहत्तरच्या लढाईत टपाल बंद पडलं आणि त्याच काळात या दोघींची आई वारली. पुढं टपाल सुरू झालं, तर कराचीच्या पहिल्याच पत्रात विचारणा, अम्मा कशी आहे? चाचींचा हात चालेना. त्यांनी लिहिलं, बरी आहे. एकदा लिहिलं ते लिहिलं. मग दर पत्राला अम्माचा गुडघा, अम्माची भूक, असं काहीबाही रचत बसावं लागे. पोस्टमन दिसला की चाची आत निघून जात.

अठ्ठ्याहत्तर साली युनूसला कुवेतच्या एका गॅरेजात काम मिळालं. एजंटानं स्वस्तातलं तिकीट काढून दिलं. मुंबईहून कराची आणि तिथं विमान बदलायचं. मधे दुपारभर खोळंबा. हे ऐकताच चाची चुलीपुढून उठल्याच.

"मी ताजूआपाला कळवते. तू तिला भेट आन् तोंडानं सांग. कागदावर मला व्हत न्हाई. दुसऱ्या कुनाकडनं कळलं तर ती जल्मात माझं तोंड बघनार न्हाई."

आईपुढं नाही म्हणायची युनूसची बिशाद नव्हती. तो "व्हय" म्हणाला आणि त्या दिवसापासून त्याचं जेवण सुटलं.

कराचीच्या विमानतळावर बाकीच्यांनी वेळ मजेत काढला. कुणी दुकानांतली घड्याळं बघत हिंडलं, कुणी बाकावर ताणून दिली. विमान बदलणाऱ्यांना बाहेर पडायची मुभा नव्हती. दालनाच्या टोकाला लोखंडी जाळी, पलीकडं भेटायला आलेल्यांची गर्दी आणि जाळीशी एक शिपाई. युनूसनं त्याला हात जोडले, खाला, म्हणजे मावशी, येणार आहे म्हणून सांगितलं. शिपायानं त्याचा हिंदुस्थानी पासपोर्ट उलटसुलट पाहिला आणि स्वतःच्या खिशात घातला. भेट झाली की मिळेल म्हणाला. तो कागद हरवला असता तर कुवेतही नव्हतं आणि चिखलीही.

खाला गेली तेव्हा हा पाळण्यात होता. तिचा चेहरा कसा ओळखणार? पलीकडं नुसते बुरखे. "खाला!" म्हणून हाक मारली तर निम्म्या बायांनी माना वळवल्या. मग काय सुचलं कोण जाणे, हा एरवी न बोलणारा माणूस भर गर्दीत ओरडला, "चिखलीचं कोन हाय का?"

एक बुरखा गर्दी रेटत पुढं आला. "मी हाय! मी हाय चिखलीची!"

ती हसत होती, रडत होती आणि बोलत सुटली होती. गावची विहीर, चिंचेखालची शाळा, शमीमचे लांब केस. इतकी वर्षं मराठी बोलायला तिला माणूसच मिळालं नसेल. एवढ्यात शिपायानं जाळीवर दांडकं आपटलं. "ये कौनसी ज़बान है? उर्दू में बोलो, नहीं तो मुलाक़ात ख़त्म."

युनूसची उर्दू म्हणजे ट्रकवाल्यांची हिंदी. वर कुवेतच्या विमानाचा पुकारा सुरू झालेला. खालानं डोळे पुसले आणि विचारलं, "अम्मा कैसी है?"

मरणासाठीचा इंतकाल हा शब्द युनूसला काय माहीत नव्हता? जिभेवर आला आणि माघारी फिरला. आपल्याकडं नुसतं 'गेली' म्हटलं की शेंबड्या पोरालाही समजतं. त्यानं तोच मऊ शब्द त्या भाषेत घातला.

"नानी गई."

"कहाँ गई?"

यानं मान खाली घालून जाळीची तार धरली. खाला त्याच्याकडं टक लावून बघत राहिली. मग शिपायाला न जुमानता तिनं हळूच मराठीत विचारलं, "चाकनला? मामाकडं?"

युनूसनं मान हलवली. "व्हय. मामाकडं."

"बरं झालं," खाला म्हणाली. जाळीतून बोटं घालून तिनं त्याच्या कपाळाला लावली. दांडकं पुन्हा आपटलं आणि शिपायानं तिला मागं सारलं. पासपोर्ट हातात पडल्यावर युनूसला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली.

घरी त्यानं एवढंच कळवलं की खाला भेटली. खालाच्या पत्रांतूनही अम्माची चौकशी थांबली, तेव्हा पोरानं काम केलं असं चाची समजून चालल्या. दोन वर्षांनी तो रजेवर आला. अंगणात जेवता जेवता एकदम म्हणाला, "अम्मी, मी खालाला सांगितलंच न्हाई." आणि मग वर लिहिलेलं सगळं सांगितलं.

माझं डोकंच फिरलं. "अरे, येवढं एक काम..."

"ज्योतीराम, गप," चाची म्हणाल्या. भाकरी थापणारा त्यांचा हात थांबला होता. "ती काय म्हनली? तिचेच शब्द सांग."

"चाकनला मामाकडं गेली का, म्हनली. मी व्हय म्हनलो. खोटं बोललो, अम्मी. कुठला मामा, त्ये बी मला ठाव न्हाई."

तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती मीच उतरवली.

"आमाला एकच मामा," चाची अखेर म्हणाल्या. "आपाच्या लग्नाआधीच त्याला चाकनच्या कबरस्तानात माती दिली. आपानं तवा अन्न सोडलं व्हतं."

युनूसचा घास हातातच राहिला. "म्हंजी खालाला कळलं?"

"कळलं, म्हनून तर तसं इचारलं. तुला त्यो शब्द बोलाय लागू नये म्हनून." चाचींनी पदर तोंडाशी नेला. "पर युनूस, जाळीच्या त्या अंगाला तिला धरायला कोन व्हतं रं?"