अळणी भात

आमच्याकडे बिनमिठाचा भात मेलेल्या माणसासाठीच शिजतो, पिंडाचा. त्यामुळे कारंजाच्या डॉक्टरांनी मोठ्या बाबांचं, म्हणजे माझ्या थोरल्या काकांचं, मीठ तोडलं तेव्हा घरात रडारडच झाली. एकोणीसशे पन्नासनंतरची ही गोष्ट, माझं लग्न व्हायचं होतं. त्यांच्या पायांवर इतकी सूज, की बोट दाबलं तर खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. मला त्या खळग्यांची फार भीती वाटे. आडवं झालं की त्यांचा श्वास कोंडायचा, म्हणून ते वळकटीला टेकून बसूनच असत.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, मूत्रपिंडंही पाणी बाहेर टाकत नाहीत. परदेशात म्हणे यंत्रातून रक्त धुऊन काढतात. मोठे बाबा म्हणाले, "रक्त काय धोतर हाय?" आपल्याकडे उपाय एवढाच: सुई, बेताचं पाणी आणि मीठ बंद.

काकूला आम्ही मोठी माय म्हणत असू. शब्दाची पक्की. सासू-नणंदांची बोलणी खाऊन तिने अळणीच रांधलं. सूज उतरली. पण ताट वाढलं की समोरच्या कुडावर एक कावळा येऊन बसायचा आणि हाकलला तरी हलायचा नाही. मनाचे खेळ म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं, आम्ही सगळ्यांनी तो पाहिला. मोठे बाबाही त्याच्याकडे बघत बसायचे. एका दुपारी घास हातातच धरून त्यांनी विचारलं,

"मले खरं सांग, मी मेलो काय वं?"

"जिते हा तुमी. जेवा."

"मंग चिमूटभर मीठ दे."

तिने दिलं नाही. मग ते रोज मागत, ती रोज नाही म्हणे आणि चुलीपाशी जाऊन तोंडात पदर कोंबून रडे. पोळ्याच्या आधी ते बसल्या जागीच गेले.

दहाव्याला नाल्यावर कावळे चिक्कार, पण पिंडाला एकही शिवेना. थोरल्या मुलाने शेत सांभाळीन म्हटलं, धाकट्याने बहिणीचं लग्न कबूल केलं. काही उपयोग नाही. बायका तिथे जात नसत. मोठी माय तरातरा आली, मी तिच्या मागे. भटजी नको नको म्हणत असताना तिने पदराची गाठ सोडून पिंडावर मीठ टाकलं. "घ्या," एवढंच म्हणाली.

एकच कावळा उतरला. तिच्याकडे बघत बघत त्याने सगळा भात खाल्ला. 

घरी येऊन ती जेवायला बसली. मी मीठ पुढे केलं, तिने ताटावर हात आडवा धरला. त्यानंतर मरेपर्यंत ती अळणीच जेवली.