साबुदाण्याच्या बेटावरचे चार महिने

लढाईवरून परत येताना मी काय आणलं? मलेरिया, एक पत्र्याची पेटी आणि उजव्या कानात कायमची शिट्टी! किस्सेही आणलेत, हे मला ठाऊकच नव्हतं. ते आमच्या बुऱ्हाणपूरच्या बुधवारा पेठेतल्या मंडळींनी बाहेर काढले. संध्याकाळी दुकानाच्या ओट्यावर टेकलो की कोणीतरी म्हणणारच, "काय कंपाउंडर, त्या बेटावरचं सांगा ना!" एक सांगावा, तर त्याचं शेपूट धरून दुसरा येतो.

गोष्ट लढाई संपल्यावरची. जपान्यांनी हत्यारं खाली ठेवली आणि आमची पलटण डचांच्या मुलखात उतरली. जावाच्याही पलीकडे एक बेट होतं. नकाशावर माशी बसली तर झाकलं जाईल एवढं! तिथे जपान्यांचं दारूगोळ्याचं कोठार पडून होतं. ते राखायला आम्हा पाच जणांना सोडलं. साताऱ्याकडचे हवालदार मोरे, स्वयंपाकी सुपडू, मी नर्सिंग सिपाही आणि दोन मद्रासी जवान. सुपडू आपल्या इथल्याच तुकईथड गावचा.

"आठवड्यात लाँच येईल," साहेब म्हणाला.

लाँच आली चार महिन्यांनी!

*

उतरलो तर गाव रिकामं. चुली धुमसताहेत, कोंबड्या फिरताहेत, माणूस नाही. जपान्यांचा जाच भोगलेली माणसं ती. खाकी दिसली की जंगलात पळायची. फक्त एका पडवीत एक म्हातारा शांत बसला होता.

हवालदार म्हणाले, "बघा! याला म्हणतात छाती!"

जवळ गेलो तर पायाला हे एवढं गळू. बिचाऱ्याला पळताच येत नव्हतं!

तो गावचा मुख्य निघाला. आम्ही त्याला पाटीलच म्हणू लागलो. गळू फोडलं, धुतलं, वर जांभळं औषध लावलं. दोन दिवसांनी तो काठी टेकत जंगलापर्यंत गेला आणि गाव परत घेऊन आला. मग सगळे माझ्यापुढे रांगेत. ज्यांना जखम होती त्यांना औषध लावलं, तर ज्यांना नव्हती त्यांनीही गाल पुढे केले. नाही कसं म्हणणार?

दुपारी हवालदार आले आणि त्या जांभळ्या गावाकडे बघतच राहिले. "कंपाउंडर, दवाखाना लावा म्हटलं होतं. तुम्ही तर रंगपंचमी लावलीत!"

*

तिथे मलायी बोलतात. त्या भाषेत नारळ म्हणजे 'कलापा' आणि डोकं म्हणजे 'कपाला'. आपलं कपाळच की ते! गावच्या मुख्यालाही 'कपाला'च म्हणतात. हे आज सांगतोय. तेव्हा कुठे माहीत होतं!

एक दिवस तहानेने जीव कासावीस झाला. समोर दहाबारा माणसं, मध्ये पाटील. मी सुपडूचा कोयता उंच धरला आणि नवीनच शिकलेलं वाक्य ठोकून दिलं, "पोतोंग कपाला!"

मला म्हणायचं होतं, नारळ कापा.

सगळे पांढरेफटक पडले. पाटील पुढे आला. गुडघे टेकून बसला आणि मान खाली घातली. जपान्यांनी तिथे ते वाक्य खरं करून दाखवलं होतं, हे मला मागून कळलं. पण काहीतरी भयंकर झालंय एवढं उमजलं. कोयता फेकला, ओंजळीने प्यायची खूण केली, झाडाकडे बोट दाखवलं.

पाटलाने झाडाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. स्वतःचं डोकं दोन्ही हातांनी चाचपलं आणि असा हसत सुटला की मातीत लोळला! आम्हीही हसलो. 

पुढे मला कधी तहान लागली की तो आधी आपलंच डोकं पुढे करायचा!

*

हवालदारांना शिस्तीचं वेड. बघायला माकडंच होती, तरी शर्टाला कडक घडी हवी! सुपडू रोज तांब्यात निखारे घालून शर्ट दाबायचा आणि वैतागायचा. एकदा पाटलाने त्याला सहज विचारलं, "इस्त्री आदा?"

'आदा' म्हणजे आहे, एवढं सुपडूला कळायचं. तो मान हलवत कळवळून म्हणाला, "नाही ना भाऊ! हात जोडतो, कुठून तरी आणून दे!"

पाटील गंभीर झाला. सुपडूच्या पाठीवरून हात फिरवून गेला. दोन दिवसांनी परत आला तो चाळिशीची एक विधवा, तिची आई आणि दोन कोंबड्या घेऊन. बाईच्या केसांत फूल!

तिथे 'इस्त्री' म्हणजे बायको.

सुपडू कोठारामागे जाऊन लपला. "भाऊ, मले फकत शर्ट दाबायचा होता! घरी बायको हाय, दोन पोरं हायत!"

मी हातवारे करून सगळा घोटाळा समजावला. त्यावर त्या बाईने सुटकेचा एवढा मोठा श्वास टाकला की तो कोठारामागेही ऐकू गेला.

सुपडू बाहेर आला तो तोंड फुगवून. "काऊन भाऊ? एवढा वाईट दिसतो का मी?"

*

लाँच येईना, तांदूळ संपले. पाटील म्हणाला, आमचं खा. तिथली माणसं एका झाडाचं खोड फोडतात, भुसा पाण्यात धुतात, खाली पांढरं पीठ बसतं. सुपडूने ते बोटांवर चोळलं आणि ओरडला, "हवालदारसाब, हा तं साबुदाना!"

हवालदार एकादशी न चुकवणारे. गाव रोज दोन्ही वेळेला हेच खातं म्हटल्यावर त्यांनी हात जोडले. "काय पुण्यवान लोक! बारा महिने उपास!"

तेवढ्यात पाटलीणबाईंनी त्या खळीसारख्या लगद्यावर माशाचं कालवण ओतलं.

 हवालदारांच्या पोटात कावळे कोकलत होते. शेवटी त्यांनी पान पुढे ओढलं. "ठीक आहे. या देशातली एकादशी अशी असेल!"

*

एका दुपारी पाटलाची सून अडली. सकाळपासून कळा, मूल येईना. गावची सुईण आत होती, तरी पाटलाने मला ओढत नेलं. बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात मी पुड्या बांधल्या होत्या, बाळंतपण बापजन्मी पाहिलं नव्हतं! डॉक्टर लोक पाणी उकळायला सांगतात, एवढं आठवत होतं. म्हणून पाणी उकळलं. पुन्हा उकळलं. पाटील माझ्या तोंडाकडे बघत होता, मी आधणाकडे.

तिसऱ्या आधणाला आतून ट्यांहा ऐकू आलं! बाळ, बाळंतीण दोघंही सुखरूप. पाटील माझ्या गळ्यात पडून रडला. म्हातारी सुईण बाहेर आली, माझ्या गरम पाण्यात हात धुतले आणि उरलेल्यात स्वतःसाठी काढा केला.

तरी मान मलाच! पाटलाने माझ्या गावाचं नाव विचारलं आणि नातवाचं नाव ठेवलं बुऱ्हान.

सुपडू रुसला. "आमचं गाव काय वाईट हाय?"

म्हटलं, "अरे, त्या लेकराला जन्मभर तुकईथड म्हणून हाक मारायची का?"

*

बेटाच्या पलीकडच्या अंगाला एक वाडी होती. क्विनीन वाटायला गेलो तर पुरुष भेटले, पोरं भेटली, बाई एकही नाही. घराघरातून आवाज मात्र यायचे. म्हटलं, घाबरत असतील.

पाटील हळूच म्हणाला, "भीती नाही. कपडा नाही."

लढाईत कापडाचं गलबतच आलं नव्हतं. पाटलाच्या गावात निदान चिंध्या तरी होत्या. या वाडीत घरटी एक वस्त्र. सासू ते नेसून बाहेर गेली की सून आत. तापाने फणफणलेल्या एका बाईने दाराआडून फक्त हात बाहेर काढला. मी त्यावर गोळी ठेवली. मी बुऱ्हाणपूरचा, जिथे गल्लोगल्ली माग खटखटतात! त्या हाताकडे बघवेना.

परत येऊन हवालदारांना सांगितलं.  ते तंबूकडे बघत बसले. सकाळी म्हणाले, "कंपाउंडर, टाके घालायची सुई आहे ना तुमच्याकडे?"

तंबूच्या आतलं पिवळं अस्तर सुपडूने उसवलं. तीन दिवस आम्ही पाचही जण शिवत होतो. सरकारी माल फाडला तर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. तरी कोणाची सुई थांबली नाही.

मग एकदाची लाँच आली. साहेब यादी घेऊन उतरला. बंदुका हजर. भांडी हजर. तंबूपाशी मात्र थांबला.

"हवालदार, इसका अंदर का कपडा किधर है?"

 सुपडूने डोळे मिटले. पलीकडच्या वाडीच्या बाया माडांखाली येऊन उभ्या होत्या. म्हाताऱ्या, सुना, लेकी, एकूण एक पिवळ्या.

हवालदारांनी खाडकन सॅल्यूट ठोकला.

"साब, कपडा हाजिर है! बिदा करने आया है!"

साहेबाने मान वळवली. त्या पिवळ्या रांगेकडे पाहिलं. मग खिशातून पेन्सिल काढली आणि यादीवर खूण केली, हजर.