गंगाचं कपाळ

ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होते तेव्हा हरीचा फोन आला. "दिदी, गंगा गेली," एवढंच तो हिंदीत म्हणाला. ग्रोसरीच्या पिशव्या गाडीत ठेवताना त्याची बायको पार्किंग लॉटमध्येच कोसळली होती. हार्ट अटॅक. अँब्युलन्स आली तोवर काही उरलं नव्हतं... मी तशीच थंडीत उभी राहिले, आणि मनात पहिला आला तो तिचा दाजू. दाजू म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ. मैत्रीण गेल्याचं कळल्यावर रडू यायच्या आधी तिच्या भावाचा राग यावा, हे विचित्रच. पण त्याला कारण आहे.

गंगा आणि मी कॅनडात, एडमंटनमधल्या एका लॅबमध्ये शेजारी शेजारी काम करायचो. ती नेपाळमधल्या ब्राह्मण घरातली, मी नागपूरच्या आंबेडकरी घरातली. तिनं कॉलेजमधल्या हरीशी लग्न केलं. हरीचे आजोबा शिंपीकाम करायचे आणि तिकडे त्या जातीच्या हातचं पाणी चालत नसे. हे तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी नुसती मान हलवली, तर हसून म्हणाली, "तुला समजावून सांगावं लागत नाही, किती बरं!" दाजू याच शहरात राहतो, इंजिनिअर आहे. आईवडील गेल्यावर माहेर म्हणून तेवढाच उरलेला, पण लग्नापासून तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. त्यांचा दशैं म्हणजे आपला दसरा. त्या दिवशी घरातली थोरली माणसं धाकट्यांच्या कपाळावर दही, तांदूळ आणि लाल रंग कालवून केलेला जाड टिका लावतात आणि डोक्यात जमरा खोचतात. जमरा म्हणजे अंधारात उगवलेले जवाचे पिवळे कोंब. गंगा दरवर्षी बेसमेंटमध्ये जमरा पेरायची. तिच्या डोक्यात खोचणारं कोणी नव्हतं, तरी पेरायची.

या वर्षी आमच्या भागातल्या छोट्या म्युझियमनं नेपाळी सणांचं प्रदर्शन भरवलं. क्युरेटर बाईंनी गंगाला मदतीला बोलावलं आणि ती त्यात बुडूनच गेली. उद्घाटनाला आलेल्यांना खराखुरा टिका लावायचं ठरलं. जमरा गंगाच्या बेसमेंटमधला, प्रदर्शनात मांडलेल्या त्याच्या कुंड्याही तिच्याच. लावायला मात्र नेपाळी मंडळाचे अध्यक्ष, आणि अध्यक्ष म्हणजे दाजू. हे कळल्यावर गंगा माघार घेईल असं मला वाटलं होतं. तिनं नवी निळी साडी घेतली. "इतक्या लोकांसमोर तो नाही म्हणणार नाही, दिदी," ती म्हणाली.

रांग लागली. दाजूनं म्युझियमच्या डायरेक्टरला टिका लावला, त्यांच्या बायकोला लावला, सिक्युरिटी गार्डला बोलावून लावला, कुणाच्या तरी कडेवरच्या बाळाला लावला. प्रत्येकाला हसून आशीर्वाद. गंगाची पाळी आली. तिनं पदर सावरला आणि वाकली. दाजू तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाला, "सॉरी, इट्स फिनिश्ड."

थाळी अर्धी भरलेली होती. मला दिसत होती, सगळ्यांना दिसत होती. मी पुढे होऊन हिंदीत म्हटलं, "अजून आहे की थाळीत!" गंगानं माझं मनगट इतक्या जोरात दाबलं की बांगडी रुतली. दाजूनं थाळी उचलली, थोडा बाजूला सरकला आणि आमच्या मागच्या गोऱ्या बाईंना खुणेनं जवळ बोलावलं.

गाडीत ती बराच वेळ हसत होती. "सगळ्यांच्या डोक्यात त्यानं माझाच जमरा खोचला, आणि त्याला ठाऊकसुद्धा नाही!" तेवढ्यावर तिनं वर्ष काढलं असतं... पण त्याला कळलं. क्युरेटर बाईंनीच कौतुकानं सांगितलं. पुढच्या आठवड्यात लंच ब्रेकमध्ये आम्ही गेलो, तर प्रदर्शनात जमऱ्याच्या कुंड्या दुसऱ्याच. आधीच्यांना कीड लागली, असं मंडळानं कळवलं होतं म्हणे. गंगाच्या कुंड्या मागच्या दाराशी कचऱ्याच्या डंपस्टरमध्ये पडल्या होत्या, कोंब चांगले ताठ. तिनं त्या बाहेर काढल्या नाहीत. झाकण लावलं, हात झटकले आणि म्हणाली, "चल, उशीर होईल." त्यानंतर ती त्या म्युझियमकडे फिरकली नाही.

अंत्यविधीला दाजू आला नाही. मंडळातर्फे मोठं पुष्पचक्र आलं, कार्डावर अध्यक्ष म्हणून त्याचं नाव छापलेलं. "टाकून दे ते," मी हरीला म्हटलं. तो म्हणाला, "राहू दे, दिदी. तिच्या माहेरून तेवढंच आलंय."

प्रदर्शन संपत आलं म्हणून परवा मी एकटीच जाऊन आले. आतल्या खोलीत आता एक स्क्रीन लावलाय आणि त्यावर उद्घाटनाचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा चालू असतो. समोरच्या बाकावर विंटर जॅकेट न काढता हरी बसला होता. कामावरून सुटला की रोज येतो म्हणाला. मी शेजारी बसले. दाजू डायरेक्टरला टिका लावतो, बाळाला लावतो, मग निळ्या साडीतली गंगा पुढे येते, पदर सावरते, वाकते... आणि तिथंच कापलंय. पुन्हा डायरेक्टर. बाकामागे उभी असलेली एक म्हातारी बाई आम्हाला म्हणाली, "सच अ ब्यूटिफुल ट्रॅडिशन." हरीनं तिला थँक यू म्हटलं.

"तुझ्या फोनमध्ये नाहीत का तिचे व्हिडिओ?" मी विचारलं.

"आहेत. पण त्यात ती तोंडावर हात घेते, काढू नकोस म्हणते. इथं स्वतःहून पुढे येते." मग स्क्रीनकडे बघतच म्हणाला, "पण दिदी, कॅमेरा सगळा वेळ त्याच्यावरच धरलाय. तिला बघायचं तर आधी त्याला बघावं लागतं."

व्हिडिओ परत सुरू झाला. दाजू हसत होता. हरी वाट बघत बसला.