दाराआडचा अंगठा

आबांची लेक शाळेत इतिहास शिकवायची. पाठ्यपुस्तकातला एका राजवाड्याचा फोटो दाखवत अकरा वर्षं ती पोरांना सांगत आली होती, "हे रंगवलेलं छत बघा." स्वतः मात्र तिने ते कधी पाहिलं नव्हतं. शेवटी साठवलेल्या रजा घेऊन, बापाला आणि दोन पोरांना बरोबर घेऊन ती परदेशात आली. पहिल्या किल्ल्यात धाकट्याने तोफेच्या तोंडात डोकं घातलं. दुसऱ्यात थोरलीने "घरी कधी जायचं?" हा प्रश्न एकोणीस वेळा विचारला. संग्रहालयातून तर त्यांना हात जोडून बाहेर काढलं. आज शेवटचा दिवस होता. फोटोतल्या राजवाड्यात आल्यावर तिकिटावर त्या रंगवलेल्या छताच्या दालनासाठी एक तास मिळणार होता, आणि दारावरच्या पहारेकऱ्याने पोरांना बघताच ओठांवर बोट ठेवलं होतं.

"तू जा आत. पोरं माझ्याकडे," आबा म्हणाले.

"आबा, नाही जमायचं तुम्हाला."

"दोनशे घरं बांधलीत मी. दोन पोरं काय जड आहेत?"

ती आत गेली आणि पाचव्या मिनिटाला आबांच्या तोंडचं पाणी पळालं. थोरली पहारेकऱ्याच्या चालीची नक्कल करत होती, धाकटा गळा काढायच्या तयारीत होता. लेकीचा तास गेलाच म्हणायचा! मग आबांनी आयुष्यभर पोटात ठेवलेली गोष्ट बाहेर काढली.

"कुणाला सांगायचं नाही हं. गवंडी भारी लबाड असतो. काम संपलं की ओल्या गिलाव्यात हळूच अंगठा दाबून ठेवतो. खाली, कोपऱ्यात, मालकाला दिसणार नाही असा. इथेही असेल."

इथल्या गवंड्याचं आबांना काय ठाऊक! पण स्वतः त्यांनी दोनशे घरांत हेच केलं होतं.

पोरं लगेच रांगायला लागली. पहारेकरी धावत आला. भाषा कुणाची कुणाला कळेना, म्हणून आबांनी अंगठा दाखवला. त्याला वाटलं, म्हातारा वाड्याची तारीफ करतोय. त्यानेही हसून अंगठा दाखवला आणि गेला.

चाळीस मिनिटं गेली. अंगठा काही सापडेना.

"आबा खोटारडे!" धाकट्याचा ओठ थरथरला.

आता आबांवरच वेळ आली. गुडघ्यांना शिव्या देत ते खाली बसले. मी असतो तर कुठे दाबला असता? उठताना, दाराआड, डाव्या हाताने. त्यांनी जड दारामागे हात घातला. बोटांना खळगा लागला. आबांच्या अंगावर सर्रकन काटा आला. धाकट्याने त्यात बोट घातलं आणि राजवाडा डोक्यावर घेतला, "सापडलाऽऽ!"

लेक धावत बाहेर आली. आबा दार लोटून सारवासारव करायला लागले, पण धाकट्याने सगळं ओकून टाकलं. लेकीने वाकून खळगा पाहिला.

"आपल्या स्वयंपाकघराच्या दाराआड आहे ना, तसाच."

आबांनी दार सोडलं. "तुला... माहीत होतं?"

"दाबताना बघितलं होतं मी तुम्हाला. चोरासारखे इकडेतिकडे बघत होतात. कुणाला कळलं तर मालक तुम्हाला काढून टाकेल, म्हणून बोलले नाही कधी."

"अगं, आपल्या घराचा मालक मीच होतो की!"

"मी सहा वर्षांची होते, आबा."

आबा खूप हसले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. एवढंसं पोर बापाची नोकरी सांभाळत एवढी वर्षं गप्प राहिलं होतं.

"दहा मिनिटं उरलीत," ते म्हणाले. "जा, छत डोळे भरून बघून घे. पोरांचं मी बघतो."

ती गेली. थोड्या वेळाने आबांनी दारातून डोकावलं. आत सगळे पाहुणे माना वर करून उभे होते. इतिहासाच्या बाई तेवढ्या पलीकडच्या दाराआड ओणव्या होऊन भिंत चाचपत होत्या.