राजाचा केक आणि नंदाताईंचा पोवाडा

विलायतेतल्या, विमानतळाशेजारच्या हाउन्सलोच्या नंदाताई निकमांनी उभ्या आयुष्यात कधी पहिली ओळ गायली नव्हती. वडील सांगलीकडचे शाहीर. ते पोवाडा म्हणायचे आणि लहानगी नंदा मागे उभी राहून 'जी जी रं जी' अशी झील धरायची. लग्न होऊन त्या इथे आल्या, विमानात चढणारं जेवण जिथे तयार होतं त्या किचनमध्ये निवृत्त होईपर्यंत राबल्या. तिथेही कोणी गाणं धरलं की ताई मागून सूर देणार, पुढे होणार नाहीत. वडिलांचा डफ मात्र त्यांनी लुगड्यात गुंडाळून आणला होता. तो हॉलमध्ये, हीटरपासून लांब, टांगलेला असे.

मुलाचं, सुश्रुतचं, स्वीडनच्या मालिनशी लग्न ठरलं. तिचे वडील टोर्स्टेन पहिल्यांदा घरी येणार होते, ते सहा नोव्हेंबरला.

"त्या दिवशी आमच्याकडे राजाचा केक खातात," मालिन म्हणाली. "गुस्ताव अडॉल्फ. मोठा लढवय्या राजा."

ताईंच्या मनाने घेतलं. व्याह्यांचं स्वागत त्यांच्याच राजाच्या पोवाड्याने करायचं, आणि पहिली ओळ आपण घ्यायची.

मालिन मटार सोलता सोलता राजा सांगू लागली. मिसरूड फुटायच्या वयात तो गादीवर बसला. घोड्याने ओढत नेता येतील अशा हलक्या तोफा त्याने रणात आणल्या. खांद्यात जुनी गोळी रुतलेली, चिलखत सोसवत नसे, म्हणून चामड्याचा कोट घालून सगळ्यांच्या पुढे घोडा घालायचा. ल्युत्झेनची लढाई आली की ताई विचारायच्या, "जिंकली ना? मग झालं," आणि ओळी जुळवायला उठायच्या.

तो दिवस उजाडला. टोर्स्टेन उंच, अबोल गृहस्थ. केकवर चॉकलेटचा राजा. ताईंनी केक पाटावर ठेवला, भोवती रांगोळी काढली, राजाला कुंकू लावलं आणि निरांजनाने ओवाळून म्हणाल्या, "हॅपी बर्थडे, महाराज."

मालिन सुश्रुतच्या कानाशी लागली.

"आई, बर्थडे नाहीये," सुश्रुत म्हणाला. "आजच्या दिवशी तो मेला होता. त्याच लढाईत."

"घ्या," ताईंचे यजमान पुरुषोत्तमराव म्हणाले. "निकमबाईंनी पुण्यतिथीला औक्षण केलं."

टोर्स्टेनना हे इंग्रजीत सांगितल्यावर ते हसले. "त्याला असं दिव्याने कोणी ओवाळलं नसेल. बरं वाटलं."

पण ताईंचा चेहरा उतरला. त्यांच्या पोवाड्यात राजा वाजतगाजत घरी परतत होता. त्यांनी हातात घेतलेला डफ खाली ठेवला.

"अहो, राहू दे. सोयरीक जुळतेय घरात, त्यात मरण कसं गायचं?"

"अगं, तुझे वडील काय गायचे? पडलेल्या वीरांचेच ना पोवाडे? का ते सगळे केक खाऊन घरी गेले होते?"

ताई टोर्स्टेनकडे वळल्या. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "पुढे काय झालं?"

ते सावकाश सांगू लागले. दाट धुकं होतं, राजाला लांबचं धड दिसत नसे, तो शत्रूच्या घोळक्यात शिरला. घोडा एकटाच परत आला. रिकामं खोगीर सैन्याने पाहिलं, आणि सैन्य पळालं नाही. त्यांनी लढाई जिंकली. गादीवर त्याची चिमुरडी मुलगी आली. तो घोडा पेंढा भरून स्टॉकहोमला अजून जपून ठेवलाय.

ताई उठल्या. डफ हीटरवर धरून शेकला, बोटाने वाजवून पाहिला. कातडं तट्ट होऊन बोलायला लागलं तसा त्यांनी पदर खोचला.

"धुकं दाटलं रानोमाळ, आला तो काळ,
राजा पडला धारातीर्थी जी.
मोकळा घोडा आला, फौजेनं पाहिला,
पाय कुणाचा मागं न सरला, जी जी रं जी…"

आवाज पहिल्या ओळीला कापला, दुसरीला उभा राहिला. मागे झील धरायला पुरुषोत्तमराव, सुश्रुत, मालिन. वरून विमान गेलं, तरी ताईंचाच आवाज वर होता. शेवटच्या 'जी जी'ला टोर्स्टेनही उठून मागच्या रांगेत गेले. सूर भलताच, पण ठेका अचूक.

नंतर त्यांनी राजाचा तुकडा कापला, ताईंसमोर धरला आणि विचारलं, "असं गाणाऱ्याला तुमच्यात काय म्हणतात?"

ताई संकोचून नवऱ्याकडे पाहू लागल्या.

"शाहीर," पुरुषोत्तमराव म्हणाले. "या शाहीर नंदा निकम."