जावयाचा संडास

माझ्या सुभद्राकाकूने जन्मात नवऱ्याकडे एकच वस्तू तोंड उघडून मागितली. संडासाची किल्ली. ती मिळाली नाही. हसू येतं ना? गावातही लोक हसलेच होते.

आमचं गाव चांदूर रेल्वेपासून बैलगाडीच्या वाटेवर. महादेवकाकांची काळी कसदार जमीन, गोठ्यात चांगल्या बैलजोड्या, गावात मान. आणि त्यांच्या घरच्या बाया अंधार बघून गोदरीवर, म्हणजे नाल्याकाठच्या बाभळीत. दिवसा पोटात कळ आली तर दात दाबून बसायचं. रस्त्याने गाडी आली की बसलेल्या बाया झटकन उभ्या राहायच्या, गाडी गेली की पुन्हा बसायच्या. याला आमच्याकडे घरंदाजपणा म्हणत.

काकूची एकुलती लेक केशर अकोल्याला दिली. जावई वामनराव शाळामास्तर. पहिल्या दिवाळसणाला आले आणि पोट दुखतं म्हणून दुसऱ्याच दिवशी परत गेले. शहरात वाढलेल्या माणसाला टमरेल घेऊन नाल्यावर जाणं जमेना. काकांचं नाक कापलं गेलं. त्याच उन्हाळ्यात त्यांनी अमरावतीहून पांढरंशुभ्र भांडं आणलं, परसात खोल खड्डा खणवला, चार भिंती उभ्या केल्या, वर टिनं टाकली आणि दाराला पितळी कुलूप लावलं. किल्ली करदोड्याला.

गावातला पहिला संडास. लोक बघायला यायचे. वापरायचा मात्र जावयानेच.

"घरच्यायनं रोज वापरला तं खड्डा भरून जाईन," काका म्हणायचे. "मंग जवाई आल्यावर काय करता?"

काकू दर दिवाळीला तो चुन्याने पोतारायची, भांडं घासायची, उंबऱ्यापुढे रांगोळी घालायची आणि मग स्वतः टमरेल घेऊन नाल्याकडे चालू लागायची. जावई आले की मिरवणूकच निघे. पुढे किल्ली घेऊन काका, मागे पाण्याची बादली घेऊन काकू, आणि ओट्यावर शेजारपाजार. वामनराव खाली मान घालून आत जायचे. ते बाहेर येईपर्यंत काका दाराशी उभे.

एका भादव्यात नाल्याच्या उतारावर चिखलात काकूचा पाय सरकला. नडगीचं हाड मोडलं आणि वाकडंच सांधलं. पुढे ती काठी टेकत, भिंत धरत परसापर्यंत यायची. नाला तिच्यासाठी संपला. तेव्हा तिने विचारलं. मी तिथेच तूर पाखडत होते.

"अवो, ते किल्ली द्या न मले."

काकांनी करदोडा मुठीत धरला. "जवायाच्या जागेवर तू बसशीन? उद्या त्यायले कळलं तं तोंड कुठी दाखवू मी?"

तिने पुन्हा मागितली नाही. अंधार पडला की मी आणि माझी आई गोठ्याच्या मागे लुगडं धरून उभ्या राहायचो. त्या आडोशाला ती अशी लाजायची, की मला काकांचा नुसता संताप यायचा. अजून येतो.

मग काकूने जेवण कमी केलं. भाकरी अर्धी झाली, मग चतकोर. "भूक नाही वं बाई." पुढे पाणीही तोडलं. वऱ्हाडातल्या वैशाखात ती ओठ ओले करण्यापुरतं पाणी घ्यायची. लघवी बंद झाली, अंग सुजलं, ताप चढला. अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टर ओरडले, "या बाईने पाणी कशानं सोडलं?"

"तिले तहानच लागत नसे," काका म्हणाले. आणि त्यांना ते खरंच वाटत होतं, हीच त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

काकू तिथेच गेली.

तेरवीला वामनराव आले. रडून डोळे सुजलेले काका सवयीने उठले आणि करदोड्याची किल्ली सोडू लागले.

"राहू द्या, मामाजी," वामनराव म्हणाले. "मी चांदूरच्या स्टेशनावर उरकून आलो."

"मंग संध्याकाळी..."

"संध्याकाळीही नको. मी तिथे कधीच बसलो नाही. तुम्ही सगळे बाहेर उभे. मला होतच नसे. आत नुसता उभा राहायचो, बादली ओतायचो आणि बाहेर यायचो. म्हणून तर दुसऱ्या दिवशी निघायचो."

केशर बापासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, मायले कावून नाही देली किल्ली?"

"खड्डा..." एवढंच काकांच्या तोंडून निघालं.

केशरने किल्ली ओढून घेतली आणि कुलूप उघडलं. आत काकूने दिवाळीत काठी टेकत दिलेला चुना तसाच होता. भांडं कोरं होतं. केशर दाराशी बसून मोठ्याने रडली.

काका सावकाश आले, दार ओढून घेतलं आणि कुलूप पुन्हा लावलं. "उद्या बी पावणे येतीन," ते म्हणाले.

दिवे लागल्यावर केशर आणि मी टमरेल घेऊन नाल्याकडे निघालो.