आमची जाऊबाई बोर्ड वाचे

जाऊबाईची मान माह्या खांद्यावरून घसरून राहिली होती, काखेत माहं लेकरू, दोघीच्या पायाले धानाच्या बांधीतला गारा-चिखल, अन् समोर दवाखान्याचं काचेचं दार बंद... रोवना करता करता, धानाची रोपं लावता लावता, तिले साप चावला होता. भासरा, म्हंजे तिचा नवरा, गाडी लावून आला अन् दारावरच्या इंग्रजी बोर्डाकडं पाहत उभा राहिला. त्याले वाचता येत नव्हतं, मलेबी नाही. पापन्या मिटून राहिल्या होत्या तरी तिनंच वाचलं, जड जिभेनं. "बोलावत नाही तवरीक दया करून बसा, म्हनते." भासरा म्हनला, मंग बसा. आमी बाकड्यावर बसलो.

आता धान निसवला, लोंब्या आल्या. ती गेली तवा रोवना होता. सालेकस्याकडची, बारावी शिकलेली, अन् मी सातवीत शाळा सुटलेली. देवरीच्या गाडीत बसलो का खिडकीतून एकेक बोर्ड वाचे अन् मले त्याचा अर्थ सांगे. स्टँडवरच्या कचऱ्याच्या डब्ब्यावर यूज मी लिहिलेलं, त म्हने, डब्बा बापडा हात जोडून राहिला, मले वापरा म्हनून, आपल्याले घरात कोन इतक्या अदबीनं बोलते? ट्रकच्या मांगं हॉर्न ओके प्लीज, त म्हने, यातलं ओके कोनासाठी ते ड्रायव्हरलेबी माईत नसंन. टीव्हीच्या पट्टीवर कोन्या मोठ्या मानसानं शेवटचा श्वास घेतला असं इंग्रजीत आलं, त म्हने, घेतला कसा, सोडला म्हना ना! मी तोंडात पदर कोंबून हासो, सासू डाफरे.

आमच्या घरी लहान सुनेनं भासऱ्यापुढं बोलाचं नाही. डोक्यावर पदर, नजर खाली. त्याले काही सांगाचं असलं त मी जाऊबाईले सांगो, ती त्याले सांगे. लेकरू तापानं फनफनलं तवाबी तसंच. माहं तोंड म्हंजे तीच होती... अन् त्या बाकड्यावर तेच तोंड बंद होऊन राहिलं होतं. दार ठोका म्हनाव, बोंबला म्हनाव, पन कोनाले? तिच्याच कानात म्हनलं, बाई, त्याईले सांगा ना दार ठोकाले. तिनं माहा हात दाबला. मंग तेबी नाही.

नर्स बाहेर आली अन् खेकसली, "इधर काहे को बैठे? आवाज क्यों नहीं दिया?" तिले उचलून आत नेलं. मंग आतमंधून एक डॉक्टर येऊन सांगून गेला का एक्स्पायर हो गई. बिस्किटाच्या पुड्यावर राहते तसं. जाऊबाई असती त त्याले तिथंच सोलून काढलं असतं तिनं.

आता तोच भासरा पारावर बसून माह्याबद्दल सांगते, हिले तोंड नव्हतं का, हिनं ओरडाचं होतं. ज्यानं माहा आवाज घरात कधी चालू देल्ला नाही, तो. दाराजवळ रिकाम्या हातानं उभा होता, तो. सासूच्या हाती निरोप धाडते का हिले माहेरी पाठवा, पोरगा इथंच राहीन. माहा नवरा भावापुढं मान वर करत नाही. लेकरू अजून अंगावर पिते माहं... दार वाजलं का जीव उडते.

तुमी पेपर वाचनारे, इंग्रजी बोर्ड वाचनारे. शहानपन शिकवू नका मले, लय जनाईनं शिकवलं. फक्त सांगा. मांडीवर जाऊबाई, काखेत लेकरू, समोर भासरा, अन् जन्मात त्याच्यापुढं एक शब्द काढला नाही... तुमी का केलं असतं?